‘लाइव्ह’ नेमकं कुठलं? ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’च्या परीक्षणांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्री साडेअकराला ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या छोट्या प्रहसनांच्या, म्हणजे स्किटांच्या, अमेरिकी कार्यक्रमाचा भाग सुरू होतो तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, तिकडचं घड्याळ हिवाळ्यात तासभर मागे गेलं की दहा. भाग दीड तासाचा. रविवारचं जेवण ताटात येईपर्यंत पहिली परीक्षणं वाचायला मिळतात. कुठलं स्किट जमलं, कुठलं पडलं, पाहुण्या सूत्रधाराची नजर संवादांच्या पुठ्ठ्यावर किती वेळा गेली, शेवटचं स्किट नेहमीसारखं वेडं होतं की नाही. काही ठिकाणी वर शाळेतल्यासारखी श्रेणीही दिलेली असते. दर आठवड्याला असा एकेका भागाचा पंचनामा करायची पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कार्यक्रमाइतकीच जुनी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडची आहे, आणि तिच्यात एक जुना घोळ दडलेला आहे: ज्याचं परीक्षण लिहायचं तो ‘भाग’ म्हणजे नक्की कोणता?

थेट प्रक्षेपण हा आधी अमेरिकी दूरचित्रवाणीचा नाइलाज होता. 1956 मध्ये व्हिडिओटेप आली. त्यापूर्वी, हा कार्यक्रम दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीवरच 1950 ते 1954 या काळात शनिवारी रात्री दीड तास प्रहसनांचा कार्यक्रम थेट होत असे. टेप आल्यावर जो तो टेपकडे वळला. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एनबीसीच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराने शनिवार-रविवारी आपले जुने भाग दाखवायला नकार दिला. स्वतःला सुट्टी घेता यावी म्हणून ते त्याला इतर वारांसाठी राखून ठेवायचे होते. शनिवारची रात्र त्यामुळे रिकामी झाली आणि तिथे हा कार्यक्रम बसवला गेला. संगीतसंचालक टॉस्कानिनीचा वाद्यवृंद जिथे एकेकाळी वाजत असे त्या आठ-एच स्टुडिओतून 11 ऑक्टोबर 1975 रोजी पहिला भाग गेला. नावात ‘लाइव्ह’ हा शब्द तेव्हा नव्हताच, कारण ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हे शब्द एका प्रतिस्पर्धी वाहिनीने आपल्या कार्यक्रमासाठी आधीच उचलले होते. तो कार्यक्रम चार महिन्यांत आटोपला आणि 1977 मध्ये नाव इकडे आलं.

परीक्षण लिहिणाऱ्यांची पहिली अडचण वेळेची होती. कार्यक्रम रात्री एकला संपणार, तोवर रविवारचा अंक छापून झालेला. इतर मालिकांचे भाग समीक्षकांना आधी दाखवले जात; इथे आधी दाखवायला काही नसे. त्यामुळे जे लिहून येई ते शिळं होऊन येई आणि सहसा एका भागापेक्षा एकूण कार्यक्रमाबद्दल असे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षकाने त्या ऑक्टोबरमध्ये दुसरा भाग पाहून विनोदाचा दर्जाच नाही, सगळं फार कमीजास्त आहे असा शेरा मारला, आणि नोव्हेंबर संपता संपता त्याच माणसाने कौतुकाचा लेख लिहिला. मधल्या काळात कार्यक्रम सुधारला की समीक्षकाला त्याची सवय झाली, हे ज्याने त्याने ठरवावं. तो ‘कमीजास्त’ मात्र कायमचा चिकटला. पन्नास वर्षांत या कार्यक्रमाबद्दल सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्द बहुधा तोच असेल, आणि सर्वांत निरुपयोगीही. आठवड्यात लिहून, बसवून, दीड तास सादर केलेली आठ-दहा प्रहसनं कमीजास्त होणार नाहीत तर काय होतील?

ऐंशीचं आणि नव्वदचं दशक इथे भरभर ओलांडतो. मूळ निर्माता 1980 मध्ये सोडून गेला, 1985 मध्ये परतला. मधल्या वर्षांत आणि पुन्हा 1995 च्या सुमारास ‘शनिवारची रात्र मेली’ अशा अर्थाची कोटी करण्यात मथळे लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. 1995 मध्ये एका साप्ताहिकाने तर मुखपृष्ठकथा करून पडद्यामागची धुसफूस मांडली. हे सारं लेखन हंगामाबद्दलचं, कलाकारांच्या संचाबद्दलचं. एका शनिवारी काय झालं याची तपशिलात नोंद करावी असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, कारण वाचकाला तो भाग पुन्हा पाहायची सोय नव्हती.

आता त्या ‘लाइव्ह’कडे येऊ. परीक्षणांतले निम्मे वाद या एका शब्दामुळे होतात.

पहिला गैरसमज असा की थेट म्हणजे उत्स्फूर्त. तमाशातला सोंगाड्या समोरच्या गावाचं नाव, पाटलाची पगडी, जे सापडेल ते घेऊन जागच्या जागी विनोद रचतो. इथे तसं काही नाही. सोमवारी पाहुण्यासमोर कल्पना मांडल्या जातात, मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, बुधवारी चाळीसच्या आसपास संहिता टेबलाभोवती बसून वाचल्या जातात आणि त्यातल्या थोड्याच निवडल्या जातात. पुढचे दोन दिवस नेपथ्य, पुनर्लेखन, कॅमेऱ्यांच्या जागा. संवाद पाठ नसतात; कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या, हाताने लिहिलेल्या पुठ्ठ्यांवरून वाचले जातात, कारण शेवटच्या घटकेपर्यंत त्यांत बदल होत असतात आणि पुठ्ठ्यावरचं वाक्य पट्टी चिकटवून झटकन बदलता येतं. नटाला हसू आवरलं नाही तर प्रेक्षक त्याला थेटपणाचा पुरावा मानतात, काही समीक्षक बेशिस्त मानतात. मी पहिल्यांच्या बाजूचा, पण ते महिन्यातून एकदाच घडावं.

दुसरा घोळ रंगीत तालमीचा. शनिवारी रात्री आठला वेगळ्या प्रेक्षकांसमोर पूर्ण वेशभूषेसह सगळा कार्यक्रम एकदा होतो, आणि तो दीड तासापेक्षा बराच लांब असतो. ती संपल्यावर निर्मात्याच्या खोलीत काही स्किटं कापली जातात, काहींचा क्रम बदलतो, विनोद गाळले जातात. साडेअकराला दिसतो तो उरलेला. म्हणजे एकाच रात्री एकाच भागाच्या दोन आवृत्त्या होतात आणि दोन्ही चित्रित होतात. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी एखादं स्किट तालमीत जास्त रंगलं असेल तर तालमीतलं घालतात आणि साडेअकराचं बाहेर काढतात. हे कुठे जाहीर केलं जात नाही.

याचं टोकाचं उदाहरण 3 ऑक्टोबर 1992 चं. एका आयरिश गायिकेने तालमीत गाण्याच्या शेवटी एका मुलाचं छायाचित्र कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. थेट कार्यक्रमात तिने पोपचं छायाचित्र धरलं आणि फाडलं. देशभर गहजब झाला. पुनःप्रक्षेपणात मात्र तालमीतलं गाणं आलं. ज्याने तेवढंच पाहिलं त्याच्या दृष्टीने त्या रात्री काही घडलंच नव्हतं. वाहिनीची बाजू अशी की पुनःप्रक्षेपण हे संपादित उत्पादन आहे, त्यात उत्तम ते द्यावं. टीकाकारांचं म्हणणं असं की नावात ‘लाइव्ह’ मिरवायचं आणि जे थेट घडलं तेच पुसायचं, हे दोन्ही कसं चालेल? स्किटांच्या बाबतीत वाहिनीची बाजू समजू शकते. या प्रसंगात ती मला लंगडी वाटते.

तसं पाहिलं तर या शब्दाला पहिल्याच हंगामात तडे गेले होते. डिसेंबर 1975 मध्ये एका बिनधास्त कृष्णवर्णीय विनोदवीराला पाहुणा सूत्रधार म्हणून बोलावलं तेव्हा वाहिनीने धास्तीने प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवण्याचा आग्रह धरला. एप्रिल 1976 मध्ये राष्ट्राध्यक्षांचे प्रसिद्धिसचिव सूत्रधार झाले, आणि ‘न्यूयॉर्कहून थेट’ ही प्रसिद्ध आरोळी खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून आली. ते वाक्य आधीच चित्रित करून ठेवलेलं होतं. ऑक्टोबर 2004 मध्ये एका तरुण गायिकेने तोंड उघडण्याआधीच तिचा ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला, तोही आधी गाऊन झालेल्या गाण्याचा. तेव्हा गाणं तरी थेट असतं या समजुतीचीही वाट लागली.

शिवाय ‘थेट’ कुणासाठी? पश्चिम किनाऱ्यावरच्या सान होजेतला मराठी माणूस अनेक वर्षं तोच भाग आपल्या घड्याळाच्या साडेअकराला, म्हणजे न्यूयॉर्कनंतर तीन तासांनी, टेपवर बघत होता. मधल्या काळात पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी सगळे विनोद फोडलेले असत. शेवटी एप्रिल 2017 पासून त्या हंगामाचे उरलेले चार भाग साऱ्या देशात एकाच वेळी दाखवले गेले आणि पुढच्या हंगामापासून तोच नियम झाला. कॅलिफोर्नियात आता तो रात्री साडेआठला लागतो. चाळिशी ओलांडल्यावर कार्यक्रम देशभर थेट झाला, असं म्हणायला हरकत नाही.

दर भागाचं परीक्षण रुजलं ते याच्या थोडं आधी, आणि त्याची दोन कारणं. एक, नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालिकांचे भाग दृश्यागणिक, खवचट शैलीत उलगडून सांगणारी संकेतस्थळं निघाली आणि वाचकांना तशा लेखनाची चटक लागली. दोन, 17 डिसेंबर 2005. त्या रात्री कार्यक्रमात दोन तरुण कपकेक खाऊन दुपारचा सिनेमा बघायला जातात असं आधी चित्रित केलेलं अडीच मिनिटांचं रॅपगाणं दाखवलं गेलं. कुणीतरी ते यूट्यूबवर चढवलं. यूट्यूब तेव्हा वर्षाचंही नव्हतं. गाणं वणव्यासारखं पसरलं. फेब्रुवारी 2006 मध्ये वाहिनीने ते काढायला लावलं, आणि दोनच वर्षांनी स्वतःच्या भागीदारीतली चित्रफितींची सेवा लोकांसाठी खुली केली. 2008 च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार बाईंची नक्कल गाजली तेव्हा ती शनिवारी रात्री पाहणाऱ्यांइतकीच सोमवारी कार्यालयात पाहणाऱ्यांचीही होती. ती सेवा भारतात चालत नसे. आम्ही इथे परीक्षणं वाचून स्किट कसं असेल याचा अंदाज बांधायचो. काही वेळा अंदाजच जास्त चांगला निघायचा.

तेव्हापासून भाग सुटा होत गेला. प्रत्येक स्किटची वेगळी चित्रफीत, तिचे वेगळे आकडे. परीक्षणांनीही तोच साचा उचलला: स्किटागणिक परिच्छेद, सर्वोत्तम, सर्वांत वाईट, आठवड्याचा मानकरी. तालमीत कापलेली स्किटंही मग ‘वेळेअभावी वगळलेलं’ अशा शिक्क्याने रविवारी बाहेर येऊ लागली, आणि त्यातलं एखादं प्रसारित झालेल्यांपेक्षा सरस निघालं की परीक्षकांची पंचाईत व्हायची. ते भागात धरायचं की नाही? बरेच जण धरतात. माझ्या मते धरू नये. साडेअकरा ते एकमध्ये जे गेलं तोच भाग, कापण्याच्या निर्णयासकट. चुकीचं स्किट कापलं असेल तर तो त्या रात्रीचा दोष म्हणून नोंदवावा. नंतर हाती आलेल्या चित्रफितीने तो झाकू नये.

क्रमालाही अर्थ असतो, तो सुट्या फितींत हरवतो. सुरुवातीचं राजकीय स्किट सगळ्यांना पेलेल असं बेताचं असतं, मध्यावर बातम्यांचं विडंबन, आणि एकला दहा कमी असताना येतं ते लेखकांनी हट्टाने ठेवलेलं, अर्ध्या प्रेक्षकांना न कळणारं स्किट. ‘टेन टू वन’ हे त्याचं घरातलं नाव. फितींच्या आकड्यांत ते तळाशी जातं. दीड तास जागून तिथवर आलेल्या माणसाला मात्र ते वेगळंच लागतं, आणि हे फक्त सबंध भागाचं परीक्षण सांगू शकतं.

मार्च 2020 मध्ये स्टुडिओ बंद पडला. 11 एप्रिलला कलाकारांनी आपापल्या घरी चित्रित केलेले तुकडे जोडून भाग दाखवला गेला. त्या हंगामात असे तीन झाले. प्रेक्षक नाहीत, हशा नाही, थेट काहीच नाही, नावात मात्र शब्द तोच. डिसेंबर 2021 मध्ये साथीची नवी लाट आली तेव्हा प्रेक्षकांना परत पाठवून जुन्या स्किटांच्या आणि आधी चित्रित केलेल्या तुकड्यांच्या आधारे रात्र निभावून नेली. जुने भाग आता घरबसल्या मिळतात, पण गाण्यांच्या हक्कांमुळे त्यांतले पुष्कळ कापलेले आहेत. दीड तासाचा भाग तासाभराचाही उरत नाही. त्यावर आज परीक्षण लिहिणारा आणि त्या शनिवारी जागलेला प्रेक्षक एकाच भागाबद्दल बोलत नसतात.

पन्नाशीचा सोहळा 16 फेब्रुवारी 2025 ला झाला. त्या दिवशी रविवार होता. कार्यक्रम संध्याकाळी आठला सुरू होऊन तीन तासांहून जास्त चालला, त्यामुळे आपल्याकडे तो सोमवारी सकाळी साडेसहाला, डबे भरायच्या गडबडीत लागला. नावातला शनिवार त्या दिवशी खोटा होता. ‘लाइव्ह’ तेवढं खरं होतं, मधल्या चित्रफिती वगळता.