पेड न्यूज

पैसे घेऊन छापलेली, पण वाचकाला बातमी म्हणूनच दिलेली जाहिरात म्हणजे पेड न्यूज. निवडणुकीत हिला सरळ 'पॅकेज' म्हणतात. उमेदवाराने रक्कम द्यायची आणि पेपरने त्याच्या पदयात्रा, मुलाखत, 'वाढता पाठिंबा' सगळं फोटोसकट लावायचं, आणि ज्याने पॅकेज घेतलं नाही त्याची सभा कितीही मोठी झाली तरी एक ओळ येत नाही. हे दुसरं जास्त वाईट, कारण तो माणूस उभा आहे हेच लोकांना कळत नाही.

महाराष्ट्रात हा विषय गाजला २००९ च्या विधानसभेला. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते, मतदान १३ ऑक्टोबरला. त्याच्या आधी लोकमत, पुढारी आणि महाराष्ट्र टाइम्स या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत त्यांचं कौतुक करणारा एकच मजकूर शब्दशः आला, 'अशोकपर्व' नावाने रंगीत पानं निघाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे उघड केलं. चव्हाणांनी दाखवलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात पेपरातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये! त्यांनी आणि पेपरांनीही पैशाचा आरोप नाकारला. २०१४ च्या जुलैत निवडणूक आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचं ठरवलं, पण सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला.

पुरावा मिळत नाही हीच खरी अडचण, रोखीत दिलेल्या पैशाची पावती कोण फाडणार. शिवाय पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हाच नाही, उमेदवार सापडतो तो खर्च लपवला म्हणून. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव याच कारणाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेपरांची नावं घेऊन ७१ पानी अहवाल लिहिला होता, कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा फक्त सारांश काढला, पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला.

आणि मालकच राजकारणात असेल तर पॅकेजचीही गरज पडत नाही. लोकमतच्या दर्डा बंधूंपैकी विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते आणि राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. 'सामना' १९८८ मध्ये शिवसेनेचं मुखपत्र म्हणूनच निघाला, पण तिथे निदान वाचकाला माहीत असतं आपण काय वाचतोय. किती किमतीला किती पानं द्यायची हे ठरवून सरकारने पेपरांवर बंधन आणलं तेव्हा 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. मालकाने बातमी दाबली तर बातमीदाराला मात्र असं कुठलं कोर्ट नाही, त्याची नोकरीच त्या मालकाच्या हातात.

पेपर कोणाचा हे छापण्याची सक्ती १९५६ च्या नियमांनी केली. दरवर्षी फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात आतल्या एखाद्या पानावर बारीक टाइपात 'फॉर्म ४' यायचा: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं.