शिरोभ्यंग

शिरोभ्यंग : डोक्याला तेल लावून बोटांनी व तळव्यांनी मर्दन करण्याची भारतीय पद्धत. बोलीत तिला चंपी म्हणतात. मात्र चंपी तेलाशिवायही होते, आणि हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. आयुर्वेदाने शिरोभ्यंगाला निरोगी माणसाच्या दिनचर्येतही स्थान दिले आहे आणि शिरोरोगांच्या चिकित्सेतही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, मात्राशितीय या पाचव्या अध्यायात, नित्य डोक्याला तेल लावणाऱ्यास शिरःशूल, टक्कल व अकाली पिकणारे केस यांचा त्रास होत नाही, केस गळत नाहीत आणि सुखाची झोप लागते, असे म्हटले आहे. ग्रंथाचे उपलब्ध संस्करण साधारणपणे इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानतात. दृढबल या उत्तरकालीन वैद्याने पूर्ण केलेला भाग मुख्यतः चिकित्सास्थान, कल्पस्थान व सिद्धिस्थान यांतील असल्याने हा उतारा जुन्या थरातला धरता येतो.

वाग्भटाने (बहुधा सातवे शतक) अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात मूर्धतैलाचे, म्हणजे डोक्यावर तेल योजण्याचे, अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चार प्रकार सांगून ते उत्तरोत्तर अधिक गुणकारी ठरवले आहेत. रूक्षता, खाज व मळ यांसाठी अभ्यंग; दाह, टोचणी व व्रण यांसाठी तेलाची धार म्हणजे सेक; केसगळतीसाठी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा म्हणजे पिचू; निद्रानाश, अर्दित (चेहऱ्याचा पक्षाघात) आणि तीव्र शिरोरोगांसाठी शिरोबस्ती. बस्तीत डोक्याभोवती चामड्याची उंच पट्टी बांधून सांधा उडदाच्या पिठाने लिंपतात व आत कोमट तेल भरतात. ते ठेवण्याचा काळ वातविकारात दहा हजार, पित्तविकारात आठ हजार, कफविकारात सहा हजार आणि निरोगी व्यक्तीसाठी एक हजार मात्रा (एक मात्रा म्हणजे पापणी मिटून उघडण्याइतका वेळ) असा दिला आहे. तेल काढल्यावर खांदे इत्यादी भाग चोळावेत, असेही वाग्भट सांगतो. हा तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. डोके, मान व खांदे यांना एकत्र धरण्याची आजची रीत अगदी नवी नाही, हे त्यावरून दिसते. केरळमध्ये विकसित झालेली शिरोधारा सेक या प्रकारात मोडते.

चंपीचा उगम या वैद्यकीय परंपरेत शोधावा की वेगळ्या कलापरंपरेत, हा वादाचा मुद्दा आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकांचा कल पहिल्या मताकडे असतो. तथापि कामसूत्रातील (सु. तिसरे शतक) चौसष्ट कलांच्या यादीत उत्सादन, संवाहन व केशमर्दन यांतील कौशल्य ही एक कला गणली आहे. यशोधराच्या जयमंगला टीकेनुसार पायांनी केलेले मर्दन ते उत्सादन, हातांनी केलेले शिरोभ्यंगकर्म ते केशमर्दन आणि उर्वरित अंगाचे ते संवाहन. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातील संवाहक हे पात्र तर कला म्हणून शिकलेले संवाहन पुढे उपजीविका झाल्याचे स्वतः सांगते. म्हणजे वैद्याच्या देखरेखीबाहेर, हाताच्या कसबावर चालणारा मर्दनाचा व्यवसाय बराच जुना असावा. ग्रामव्यवस्थेत न्हाव्याकडे आलेले अंग व डोके चेपण्याचे काम या दुसऱ्या धाग्याशी अधिक जुळते. वैद्यकात भर तेलाच्या गुणावर आहे, तर न्हाव्याच्या चंपीत तो दाब, थाप आणि लयीवर आहे. दोन्ही प्रवाह घरोघरी एकमेकांत मिसळले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

धर्मशास्त्राने तैलाभ्यंगाला तिथींचे निर्बंध घातले. विष्णुपुराणात चतुर्दशी, अष्टमी, अमावास्या व पौर्णिमा या पर्वतिथींना तेल वर्ज्य आहे. आश्विन वद्य चतुर्दशीचे अभ्यंगस्नान हा त्याला विहित अपवाद होय.

पाश्चात्त्य देशांत या पद्धतीला आजचे रूप मुख्यतः नरेंद्र मेहता या दृष्टिहीन भारतीय मर्दनतज्ज्ञांनी लंडनमध्ये दिले. खुर्चीवर बसवून खांदे, दंड, मान, डोके व चेहरा अशा क्रमाने ते मर्दन करीत.

शरीररचनेच्या दृष्टीने पाहता कपाळाचा व डोक्याच्या मागचा स्नायू कवटीवरील एका पातळ, चिवट पडद्याने जोडलेले असतात. कानशिलाचे स्नायू जबड्याशी, तर कवटीखालचे छोटे स्नायू मानेशी निगडित आहेत. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत हे भाग बहुधा आखडलेले व दाबल्यास दुखरे आढळतात, त्यामुळे मर्दनाने मिळणारा आराम समजण्यासारखा आहे. केसवाढीचा पुरावा मात्र तोकडा आहे. जपानमधील एका प्रयोगात (२०१६) ९ पुरुषांच्या डोक्याला २४ आठवडे रोज ४ मिनिटे मर्दन केल्यावर केसांची जाडी वाढली, पण इतक्या थोड्या लोकांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून त्यातील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, हे २००३ मधील एका प्रयोगशाळीय अभ्यासात दिसून आले. सूर्यफुलाच्या व खनिज तेलाबाबत तसे आढळले नाही.

कफाचा विकार, अजीर्ण आणि नुकतेच झालेले शोधनकर्म (वमन, विरेचन इत्यादींनी केलेली शरीरशुद्धी) असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तेलकट कोंड्यात तेल जिरवत ठेवल्यास मॅलॅसेझिया या यीस्टला पोषण मिळून तक्रार वाढू शकते. चंपीच्या शेवटी मान झटक्याने फिरवून ‘कडकड’ वाजवण्याची प्रथा मूळ ग्रंथांतील विधीचा भाग नाही. त्या झटक्याने मानेतील मणक्यांलगतची धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो, म्हणून ती टाळावी.