पाण्यासकट जळणारा कोळसा : तेलाला पर्याय शोधण्याची शंभर वर्षे

खाणीतून नुकतेच काढलेले लिग्नाइटचे (तपकिरी कोळशाचे) ढेकूळ हातात घेतले तर कोळशाची आठवण येत नाही. रंग तपकिरी, स्पर्श दमट, आणि कधी कधी तर त्यात लाकडाचे रेषे स्पष्ट दिसतात. चार दिवस उन्हात ठेवले की त्याला भेगा पडतात, ते तडकते आणि शेवटी त्याचा भुगा होतो. ढीग करून ठेवला तर तो आतून तापत जातो आणि आपोआप पेट घेतो. ऑस्ट्रेलियातल्या लाट्रोब खोऱ्यातल्या तपकिरी कोळशात वजनाने साठ टक्के किंवा त्याहून जास्त पाणीच असते. तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या लिग्नाइटमध्येही ते निम्म्याच्या आसपास भरते. असा माल रेल्वेने लांब न्यायचा तर अर्धे भाडे पाण्याचेच भरावे लागते. म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी खाणीच्या तोंडाशी वीजघर बांधून तिथल्या तिथे जाळला जातो.

जगातल्या एकूण कोळसासाठ्यांपैकी निम्म्याच्या आसपास साठा अशाच हलक्या प्रतीचा आहे, म्हणजे लिग्नाइट किंवा त्याच्या वरच्या पायरीवरचा सबबिट्युमिनस कोळसा. त्यातला बराचसा लांब नेणे परवडत नाही आणि साठवणेही अवघड असते. त्यामुळे ज्या देशांकडे असा कोळसा भरपूर आणि तेल कमी, तिथल्या अभियंत्यांना एक प्रश्न सतत छळत आला: या कोळशातले पाणी अडचण न ठरता कामी आणता येईल का? कोळशाची बारीक पूड त्याच पाण्यात कालवून पंपाने ढकलता येईल, टाकीत साठवता येईल, नळीतून बर्नरमध्ये फवारता येईल असे दाट काळे द्रव इंधन करता येईल का? यालाच कोळसा-पाणी स्लरी म्हणतात. तिचा इतिहास वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट खटकते. तेल महागले की या कामाला वेग आला, तेल उतरले की प्रयोगशाळांचे दिवे मालवले गेले. विज्ञान पुढे जात राहिले, पण बाजाराने त्याला पुरेसा वेळ कधीच दिला नाही.

सुरुवात पाण्याने झाली नाही, तेलानेच झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे तेलाची वाहतूक धोक्यात आली, तेव्हा अमेरिकेत लिंडन बेट्स या अभियंत्याने कोळशाची पूड जड तेलात मिसळून ‘कोलॉइडल फ्युएल’ तयार केले आणि 1918 मध्ये ते जहाजाच्या बॉयलरमध्ये जाळून पाहण्यात आले. 1932 मध्ये ब्रिटनच्या कुनार्ड कंपनीने ‘सिथिया’ या प्रवासी जहाजावर असाच प्रयोग केला. इंधन जळत होते, पण तोवर तेल पुन्हा स्वस्त आणि मुबलक झाले होते. मग कोळशाची पूड खाली बसू नये म्हणून धडपड कोण करील?

पुढचा धडा इंधनाने नव्हे, वाहतुकीने शिकवला. 1957 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात कॅडिझच्या खाणभागातून क्लीव्हलंडजवळच्या वीजघरापर्यंत सुमारे 174 किलोमीटरची नळी टाकून कोळसा पाण्यातून वाहून नेला जाऊ लागला. नळी तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालली. मग रेल्वेने भाडे उतरवले आणि 1963 मध्ये नळी बंद पडली. त्यानंतर 1970 मध्ये ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसापासून नेवाडातल्या मोहावे वीजघरापर्यंत जवळपास 440 किलोमीटरची नळी सुरू झाली. तीत निम्मा कोळसा, निम्मे पाणी. वीजघरात पोचल्यावर ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढून टाकावे लागे. म्हणजे पाणी फक्त हमाल होते, इंधनाचा भाग नव्हते. आणि हे पाणी येत होते वाळवंटातल्या होपी आणि नावाहो लोकांच्या जमिनीखालच्या साठ्यातून, वर्षाला अब्जावधी लिटर. त्यावरचा त्यांचा संताप पूर्णपणे रास्त होता. 2005 च्या अखेरीस वीजघर आणि नळी दोन्ही बंद झाली.

1973 च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी केली. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेल काही महिन्यांत बाराच्या घरात गेले आणि 1979 च्या इराणी क्रांतीनंतर पस्तिशीपलीकडे. अमेरिका, जपान, स्वीडन, इटली, कॅनडा अशा देशांत तेलावर चालणारी वीजघरे उभी होती. ती मोडीत काढून नवी बांधायला ना पैसा होता ना वेळ. याच बॉयलरना पचेल असे, तेलासारखे वाहणारे इंधन हवे होते. आधी कोळसा-तेल मिश्रण पुन्हा बाहेर निघाले. पण त्यात निम्म्याच्या आसपास तेल लागतेच. मग सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे वळले.

इथे थोडे थांबून हा पदार्थ कसा बनतो ते पाहू, कारण सगळी खुबी त्यातच आहे. कोळशाची पूड पाण्यात टाकली की चिखल होतो. तो वाहता ठेवायचा तर पाणी जास्त घालावे लागते, आणि पाणी जास्त घातले तर जळताना उष्णता वाया जाते. उपाय सापडला तो गवंड्याच्या कामासारखा. खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट. तसेच जाड आणि अगदी बारीक अशा दोन मापांचे कण ठरावीक प्रमाणात मिसळले की फटी भरतात आणि थोड्या पाण्यातही मिश्रण सरकते. त्यात एक टक्क्याच्या आसपास रसायने घालायची. काही कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, काही त्यांना तळाशी बसू देत नाहीत. असे केले की चांगल्या प्रतीच्या कोळशाचे सत्तर टक्क्यांपर्यंत प्रमाण असलेली स्लरी तयार होते. टाकीत ती रंगासारखी घट्ट राहते आणि पंपाने हलवली की पातळ होते.

लिग्नाइटपाशी मात्र हे गणित बिघडते. त्याच्या अंगातच असंख्य छिद्रे आहेत आणि पाणी त्यांत दडून बसलेले असते. ते वजनात मोजले जाते, पण कणांना सरकायला त्याचा उपयोग शून्य. शिवाय त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना पाण्याची ओढ असते, त्यामुळे वाळवला तरी तो हवेतून ओल पुन्हा ओढून घेतो. कच्च्या लिग्नाइटची स्लरी केली तर कोरड्या कोळशाचे प्रमाण चाळिशीच्या आसपासच अडकते. एवढे पाणी घेऊन ज्योत टिकवणे कठीण.

याची किल्ली ऑस्ट्रियात आधीच घडवलेली होती. 1920 च्या दशकात हान्स फ्लाइसनर यांनी लिग्नाइट उघड्यावर न वाळवता दाबाच्या वाफेत तापवण्याची पद्धत काढली. त्यात ढेकळे फुटत नाहीत आणि पाण्याचा मोठा भाग वाफ न होता द्रवरूपातच बाहेर पडतो. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स इथे 1951 मध्ये सरकारी लिग्नाइट प्रयोगशाळा सुरू झाली होती. पुढे ती तिथल्या विद्यापीठाकडे गेली. तिथल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात हाच विचार पुढे नेऊन लिग्नाइट वाफेऐवजी गरम पाण्यातच शिजवायला घेतला. घरातल्या कुकरचीच ही कल्पना, फक्त दाब फार मोठा. तापमान 300 अंश सेल्सियसच्या आसपास, आणि त्या तापमानाला पाणी उकळू नये म्हणून दाब वातावरणाच्या ऐंशीपटीहून अधिक.

या कुकरात काही मिनिटांत जे घडते ते निसर्गाला करायला लाखो वर्षे लागतात. पाण्याची ओढ असलेले गट तुटून कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघून जातात. आतून पाझरलेले डांबर छिद्रांची तोंडे बुजवते. बाहेरचा दाब आणि तेच डांबर यांमुळे बाहेर पडलेले पाणी परत आत शिरत नाही. सोडियमसारखे क्षारही पाण्यात उतरतात, आणि बॉयलरच्या नळ्यांवर राखेचे कडक थर चढवणारे हेच क्षार असल्याने हा फायदा मोठा आहे. एवढे झाल्यावर त्याच लिग्नाइटची साठ टक्क्यांच्या आसपास कोरडा कोळसा असलेली स्लरी बनवता येते. कुकरातून उरणारे पाणी मात्र फिनॉलसारख्या द्रव्यांनी दूषित असते. ते शुद्ध करण्याचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे, आणि उत्साहाच्या भरात अनेकदा तो मागे राहिला.

तेलाच्या तुलनेत ही स्लरी कुठे बसते, हे एका साध्या हिशेबाने कळते. एक किलो स्लरीत 600 ग्रॅम कोळसा आणि 400 ग्रॅम पाणी धरू. शिजवलेल्या कोळशाचा उष्मांक किलोला 6,500 किलोकॅलरी मानला तर त्यातून 3,900 किलोकॅलरी मिळतात. पाण्याची वाफ करण्यात त्यांतल्या 230 च्या आसपास जातात, म्हणजे साधारण सहा टक्के. पाणी जाळणे म्हणजे उधळपट्टी, हा समज त्यामुळे बराच अतिशयोक्त ठरतो. खरी अडचण दुसरी आहे. एक टन फर्नेस ऑइलची, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या जड तेलाची, उष्णता मिळवायला अडीच टनांहून जास्त स्लरी लागते. म्हणजे टाक्या मोठ्या, पंप मोठे. तेलाच्या बॉयलरमध्ये राख काढायची सोय नसते, नळ्या दाटीने बसवलेल्या असतात, त्यामुळे बॉयलर पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही. बर्नरची तोंडे झिजतात. आणि स्लरी पेटवायला आधी तेलाची किंवा वायूची ज्योत लागतेच.

हे सगळे प्रश्न सुटायच्या मार्गावर असतानाच 1986 उजाडले. आदल्या वर्षी पिंपाला 27 डॉलरच्या आसपास असलेले तेल काही महिन्यांत दहा डॉलरच्या जवळ कोसळले. पाश्चात्त्य देशांतले बहुतेक प्रकल्प तिथेच संपले. उरलेल्यांतली गाजलेली उदाहरणे वेगळ्याच वाटेने गेली. सोव्हिएत संघाने 1989 मध्ये सायबेरियातल्या कुझबास या कोळसापट्ट्यातल्या बेलोवोपासून नोवोसिबिर्स्कच्या वीजघरापर्यंत 262 किलोमीटरची नळी सुरू केली. तिच्यातली स्लरी पाणी न काढता थेट जाळायची होती. देशच कोसळल्यावर तीही काही वर्षांत थंडावली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1991 मध्ये कोळसा-पाणी स्लरीवर रेल्वे इंजिन चालवून दाखवले. इंधन फवारणाऱ्या तोंडांची झीज रोखायला त्यांत हिऱ्याचे तुकडे बसवावे लागले होते. जपानमध्ये नाकोसो वीजघराच्या 600 मेगावॉटच्या संचात स्लरी खरोखरच व्यापारी पातळीवर जाळली गेली, पण ती चांगल्या प्रतीच्या कोळशाची होती.

भारतात हा विषय फारसा रुजला नाही आणि त्यामागची कारणे पटण्यासारखी आहेत. नेयवेलीचे लिग्नाइट खाणीशेजारच्या वीजघरांतच खपते. विदर्भातल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशाचे दुखणे उलट आहे: ओल कमी, राख जास्त. इतक्या राखेची स्लरी म्हणजे बर्नरला सँडपेपर लावल्यासारखे. शिवाय आपली औष्णिक केंद्रे मुळातच कोळशाची पूड जाळतात. तेल लागते ते बॉयलर पेटवायला आणि ज्योत सांभाळायला, आणि नेमके तेच काम स्लरी करू शकत नाही.

चीनची गोष्ट मात्र निराळी आहे. 1993 मध्ये चीन तेलाचा निव्वळ आयातदार झाला आणि त्यानंतर ग्वांगदोंग प्रांतातल्या माओमिंग, नानहाय यांसारख्या ठिकाणी तेलावरची वीजघरे स्लरीकडे वळवण्यात आली. पण स्लरीला टिकाऊ घर मिळाले ते रसायन उद्योगात. खत आणि मेथॅनॉलसाठी कोळशाचा वायू करायचा तर तो प्रचंड दाबाच्या भट्टीत सोडावा लागतो. कोरडी पूड तिथे ढकलणे अवघड, स्लरी पंपाने सहज जाते. त्या भट्टीत पाणीही रासायनिक क्रियेत उपयोगी पडते. तेलाची जागा घ्यायला निघालेली ही वस्तू अशा ठिकाणी स्थिरावली की जिथे तिची तेलाशी स्पर्धाच नव्हती.

हलक्या प्रतीच्या कोळशाची शेवटची मोठी आशा इंडोनेशियात उभी राहिली. कालिमंतान आणि सुमात्रात असा कोळसा अमाप आहे. दुसरीकडे तेल निर्यात करणारा हा देश 2004 च्या सुमारास तेल आयात करू लागला आणि पुढे ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतूनही बाहेर पडला. 2008 च्या जुलैत तेलाने 147 डॉलरचा उच्चांक गाठला, आणि बेटाबेटांवर डिझेल किंवा जड तेल जाळून वीज करणे असह्य झाले. जपानच्या जेजीसी कंपनीने गरम पाण्याच्या प्रक्रियेवर दीर्घकाळ काम केले होते. जपानच्या सरकारी ऊर्जा संस्थेच्या मदतीने तिने पश्चिम जावामधल्या करावांग इथे प्रात्यक्षिक कारखाना बांधला. 2012 मध्ये तो उभा राहिला. क्षमता वर्षाला 10,000 टन स्लरी.

मग 2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले तेल 2016 च्या जानेवारीत तिशीखाली आले. करावांगचा कारखाना ज्या मोठ्या कारखान्यांचा नमुना म्हणून बांधला होता, त्यांचे गणित त्या घसरणीत अवघड होऊन बसले. त्या मोठ्यांची गरज किती होती, हे आकडाच सांगतो. करावांगची अख्ख्या वर्षाची स्लरी नाकोसोसारख्या 600 मेगावॉटच्या एका संचाला जेमतेम एक दिवस पुरली असती.