अहवालातला अमोनिया कोणता: एकूण की मुक्त?

नदीत मासे उलटे तरंगू लागले की दोन-चार दिवसांत पाण्याचा अहवाल मोबाइलवर फिरू लागतो. त्यात एक ओळ असते: अमोनिया १.१. खाली कोणीतरी ठासून लिहितो, ‘मर्यादा १.२ ची आहे, अमोनियाचा दोष नाही.’ कोकणातली नदी वाशिष्ठी असो की कुंडलिका, हिशेब हाच आणि दर वेळी चुकीचाच. १.१ हा एका गोष्टीचा आकडा आहे, १.२ दुसरीचा. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रोजनच्या हिशेबात, म्हणजे अमोनियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून.)

एकूण अमोनिया बहुतेकांना ठाऊक असतो. प्रयोगशाळा ‘अमोनिकल नायट्रोजन’ म्हणते तो हाच. नेसलर, फिनेट, सॅलिसिलेट या तपासणीच्या पद्धती, तळ्यावर वापरायचा हिरव्या रंगाचा किट, सगळ्यांतून येतो तो एकूणच. इलेक्ट्रोडसुद्धा आधी नमुन्यात अल्कली घालून सगळा अमोनिया वायुरूपात आणतो आणि मग मोजतो.

घोळ पुढे आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक, अमोनियम आयन. त्याच्यावर विद्युतभार असल्यामुळे कल्ल्याच्या पडद्यातून तो सहज आत शिरत नाही. दुसरा, भार नसलेला मुक्त अमोनिया. तो पडद्यातून सरळ आरपार जातो. मासा आपल्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. बाहेर मुक्त अमोनिया वाढला की आतला बाहेर पडेनासा होतो आणि मासा स्वतःच्याच अमोनियाने मरतो. ‘अमोनिया विषारी’ हे वाक्य मुख्यतः या दुसऱ्या रूपाबद्दल आहे.

दोघांचं प्रमाण ठरतं ते पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आणि तापमानावर. पाणी २८ अंशांवर धरू. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम ०.७ टक्के मुक्त असतो. पीएच ८ ला साडेसहा टक्के, ८.५ ला १८ टक्के आणि ९ ला तब्बल ४१ टक्के. म्हणजे अहवालातला १.१ तोच राहिला, तरी पीएच ७ च्या पाण्यात मुक्त अमोनिया ०.००८ आणि पीएच ९ च्या पाण्यात ०.४५. पीएच न लिहिता दिलेला अमोनियाचा आकडा म्हणजे नुसती रद्दी.

आता ती १.२ ची मर्यादा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग केले आहेत. त्यातल्या वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनाच्या ‘ड’ वर्गासाठी मुक्त अमोनिया १.२ पेक्षा जास्त नको, असं आहे. मुक्त! २८ अंश आणि पीएच ८ ला १.२ मुक्त म्हणजे एकूण सुमारे १८. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ साली गोड्या पाण्यासाठी निकष सुधारले. त्यातला दीर्घकालीन निकष पीएच ७ आणि २० अंशांना एकूण १.९ आहे, ३० दिवसांच्या सरासरीने. त्याच सूत्राने २८ अंश, पीएच ८ ला तो एकूण ०.४६ वर येतो आणि पीएच ९ ला ०.०९ वर. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला ०.४६: चाळीसपट फरक. गंमत अशी की पीएच ७ च्या उबदार पाण्यात १.२ हा आकडा चुकून ‘एकूण’ म्हणून वाचला, तर तो अमेरिकी निकषाच्या (१.१) अगदी जवळ जातो. म्हणजे चूक करणाराच जास्त सावध ठरतो!

अमेरिकेचा हा १.९ चा निकष आधी ४.५ होता. तो इतका खाली आला तो शिंपल्यांमुळे. आपण खातो त्या ‘तिसऱ्या’ नव्हेत, त्या खाडीतल्या. या गोड्या पाण्याच्या तळात रुतून राहणाऱ्या. अमोनियाचा त्रास त्यांना माशांच्या कितीतरी आधी होतो आणि त्यांची पिल्लं गाळात वाढतात, जिथे कुजणाऱ्या पाल्यामुळे अमोनिया वरच्या पाण्यापेक्षा बहुधा जास्तच असतो. मासे जिवंत दिसतात म्हणून नदी ठीक, हा निष्कर्ष म्हणूनच नको.

कोकणात याला मे महिना जोडा. नदी तुटून कोंडी, म्हणजे साचलेली डबकी, उरलेल्या असतात, पाणी संथ, वर हिरवं शेवाळ. जांभ्या दगडातून आलेलं पाणी मृदू, पीएच धरून ठेवण्याची ताकद त्यात कमी. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. पहाटे ७ आणि दुपारी ९ असेल, तर ‘सरासरी ८’ धरून काढलेला मुक्त अमोनिया साडेसहा टक्के येतो. दोन्ही वेळचा वेगवेगळा काढून मग सरासरी घेतली तर २१ टक्के. पीएचची सरासरी काढून हिशेब मांडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि वर्षाची सरासरी तर त्याहून वाईट. जुलैच्या लोंढ्याने मे महिन्याची कोंड वाचत नाही.

म्हणून पीएच आणि तापमान काठावरच मोजायचं, पहाटे एकदा आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास एकदा. अमोनियाची बाटली वेगळी. त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा आणि बर्फात ठेवायची. या बाटलीचा पीएच प्रयोगशाळेने मोजून दिला तर तो आम्लाचा पीएच असतो, नदीचा नव्हे. बिनआम्लाच्या बाटलीचाही प्रवासात बदलतो. मग ९.१५५ मधून काठावरचा पीएच वजा करा, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा आणि एकूण अमोनियाला त्याने भागा. आला मुक्त अमोनिया. (९.१५५ हा आकडा २८ अंशांचा, ३० ला ९.०९५ घ्या.) खाडीच्या खाऱ्या पाण्याला हे आकडे लावू नका.

बाकीचे गोंधळ किरकोळ. पीपीएम (दशलक्षात किती भाग) आणि मिलिग्रॅम प्रति लिटर गोड्या पाण्यात एकच. ‘नायट्रोजन म्हणून’ दिलेला आकडा ‘अमोनिया म्हणून’ हवा असेल तर १.२२ ने गुणा. सांडपाणी सोडण्याची मर्यादा (एकूण ५०, मुक्त ५; हा ५ मात्र ‘अमोनिया म्हणून’) नदीच्या निकषाशी जुळवू नका, ती पाइपाच्या तोंडाची आहे. एक मात्र बघाच: पाणीतपासणीच्या जुन्या पुस्तकांत ऊर्ध्वपातनात निघणाऱ्या सगळ्याच अमोनियाला ‘मुक्त’ म्हणत. म्हणून अहवालावर ‘फ्री अमोनिया’ दिसला की पहिला प्रश्न, हा पीएचवरून काढला की थेट मोजला? थेट मोजला म्हणाले, तर बहुतेक वेळा तो एकूणच असतो.