टाके निघाले, तरी स्प्लिंट का?

बोटाची नस जोडलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

कडबाकुट्टी, पॉवर प्रेस, फुटलेला काचेचा ग्लास, संक्रांतीचा मांजा. आमच्याकडे येणारे हात बहुतेक यांनीच कापलेले असतात. दोन आठवड्यांनी टाके निघाले की जवळपास प्रत्येक जण विचारतो, "आता हा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, काढू का?"

काढू नका. कातडी 12-14 दिवसांत सांधते. आतली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिला आपण सगळे नस म्हणतो, तिला जोराचं काम झेपायला साधारण 12 आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे तर जोड फारच कच्चा असतो, आणि नेमकं याच काळात दुखणं कमी झालेलं असतं. माणूस फसतो तो इथेच. कुणी दुधाची कॅन उचलतो, कुणी गाडीचा क्लच दाबतो, कुणी शेजाऱ्याने सांगितलं म्हणून रबरी चेंडू दाबत बसतो. चेंडू तर घरात ठेवूच नका. जोड सुटला की बोट एकदम वाकेनासं होतं. त्याच दिवशी आलात, तर पुष्कळदा तीच नस पुन्हा जोडता येते. महिनाभर थांबलात, तर तुटलेलं टोक मागे ओढलं जातं आणि त्याची वाट बुजते. मग दुसरीकडची नस घेऊन, कधी कधी तीन महिन्यांच्या अंतराने दोन ऑपरेशनं करावी लागतात. तेवढे महिने कामावरची रजा वाढते, हे आम्ही पाहतो आणि वाईट वाटतं.

"मग थेरपीला का बोलावता, हात स्थिर ठेवला तर?" कारण अजिबात न हलवलेली नस भोवतीच्या आवरणाला चिकटते. म्हणून ऑपरेशननंतर 3-5 दिवसांतच आम्ही व्यायाम सुरू करतो, स्प्लिंटच्या आत आणि शिकवू तेवढाच.

थेरपीचे पैसे वेगळे का, हेही विचारलं जातं. आमच्याकडे सर्जन आणि हँड थेरपिस्ट एकाच ठिकाणी बसतात. जोड किती भक्कम आहे, हे सर्जन थेरपिस्टला स्वतः सांगतात आणि त्यावरून व्यायाम ठरतो. दुकानातला तयार पट्टा स्वस्त मिळतो, पण तो बहुधा मनगटच धरतो, बोटं मोकळी राहतात. आम्ही तुमच्या हातावरच स्प्लिंट बसवतो. सूज उतरून तो सैल झाला, तर पहिले सहा आठवडे विनामूल्य पुन्हा बसवून देतो. गरम पाण्याने धुऊ नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याचा आकार बिघडतो.

बोट बधिर असेल, तर धीर धरा. संवेदनेची नस (ही कंडरा नव्हे, मज्जातंतू) कापून जोडली असेल, तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते.

कंपनीला हलक्या कामाचं पत्र हवं असेल, तर तपासणीच्या वेळीच सांगा. आणि येताना स्प्लिंट हातात घालून या, पिशवीतून आणू नका.