भुईमुगाच्या गुलाबी गाठी आणि सारखेपणाचं गणित

बाबांनी या पावसाळ्यात ऐरोलीच्या घराच्या बाल्कनीत, रंगाच्या जुन्या बादलीत भुईमूग लावला, दाणे वाशीच्या एपीएमसीतून आणलेले, आणि दीडेक महिन्याने एक रोप उपटलं तर मुळांना मोहरीएवढ्या गाठीच गाठी. त्यातली एक मी नखाने फोडली, आत गुलाबी, जवळजवळ लालच. आई म्हणाली, "अगं, रक्तासारखं दिसतंय."

आई बरोबर बोलली. तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रोटीनचा, आणि ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लांबच्या नात्यातलं आहे. गाठीत रायझोबियम बॅक्टेरिया राहतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात, पण हे काम करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते बिघडतं, आणि बॅक्टेरियाला जगायला तर ऑक्सिजन हवाच, मग लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. मला हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं.

आता नातं आहे हे ठरवायचं कसं? प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. भुईमुगासारख्या शेंगवर्गीय झाडाची माळ आणि आपली माळ शेजारी ठेवून एकेक मणी जुळवत गेलात तर पाचात एखादाच जुळतो, म्हणजे नुसत्या माळेवरून ओळख पटणं अवघडच. पण माळ पेशीत सरळ राहत नाही, तिची घडी पडते. जॉन केंड्र्यू या शास्त्रज्ञाच्या टीमला 1958 मध्ये स्पर्म व्हेलच्या स्नायूतल्या, ऑक्सिजन धरणाऱ्या मायोग्लोबिन या प्रोटीनची घडी दिसली, लगेच मॅक्स पेरुट्झच्या टीमला हिमोग्लोबिनची, आणि दोन्ही घड्या इतक्या सारख्या की बघणारे चक्रावले, 1962 चं केमिस्ट्रीचं नोबेल या दोघांना मिळालं. पुढे 1975 मध्ये सोव्हिएत संशोधकांनी ल्युपिन नावाच्या शेंगवर्गीय झाडाच्या गाठीतलं प्रोटीन पाहिलं, तर तिथेही तीच घडी, हीम नावाच्या लोह असलेल्या तुकड्याला तसंच पोटात धरलेलं.

डोळ्यांना दिसलं हे ठीक, पण विज्ञानाला आकडा लागतो. जुनी पद्धत साधी आहे, एक घडी दुसरीवर ठेवायची, फिरवून फिरवून जास्तीत जास्त जुळवायची, मग जोडीच्या मण्यांमधलं अंतर मोजायचं, त्याचा वर्ग, सगळ्यांची सरासरी, मग वर्गमूळ. याला आरएमएसडी म्हणतात, एकक अँगस्ट्रॉम, एका सेंटीमीटरमध्ये असे 10 कोटी मावतात. गोची कुठे होते ते आकाशकंदिलावरून बघा. दोन कंदील एकाच साच्यातले, पण एकाच्या झिरमिळ्या वाऱ्याने एका बाजूला उडाल्यात. कंदील तोच आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण गणितात झिरमिळ्यांचं मोठं अंतर, त्यात परत त्याचा वर्ग, आणि आकडा सांगतो की हे दोन वेगळेच. प्रोटीनच्या माळेचं टोकही असंच सैल लोंबत असतं.

2004 मध्ये यांग झांग आणि जेफ्री स्कोल्निक यांनी टीएम-स्कोअर नावाचा नवा आकडा आणला. त्यात जवळ जुळलेल्या मण्यांना वजन जास्त आणि फार लांब गेलेला मणी एका मर्यादेपलीकडे नुकसान करूच शकत नाही. स्कोअर 0 ते 1, साधारण 0.5 च्या वर गेला तर घडी एकच धरतात, कुठलीही दोन असंबंधित प्रोटीन्स घेतली तर 0.17 च्या आसपास येतो.

आणि गंमत म्हणजे त्याच 2004 साली फोटोवाल्यांनीही डोळा आणि आकडा यांचं हेच भांडण मिटवायचा प्रयत्न केला! दोन फोटोंमधला फरक मोजायची त्यांची जुनी पद्धतही अगदी हीच होती, पिक्सेलमधला फरक, वर्ग, सरासरी. ठाण्याच्या तलावपाळीचा एक फोटो घ्या, त्याची एक कॉपी थोडी उजळ करा, दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून चौकोन-चौकोन झालेली. दोघींचा आकडा अगदी सारखा येऊ शकतो, पण पहिलीत मासुंदा तलाव स्वच्छ दिसतो आणि दुसरीत बोट कुठली, पाणी कुठलं काही कळत नाही. झोऊ वांग, अ‍ॅलन बोव्हिक, हमीद शेख आणि इरो सिमोन्सेली यांचा एसएसआयएम नावाचा नवा स्कोअर फोटोवर एक छोटी खिडकी सरकवत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी बघतो: उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रचना, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकमेकांच्या तालात चढतात-उतरतात का. मग सगळ्या खिडक्यांची सरासरी.

या सरासरीतच एक धोका आहे आणि तो दवाखान्यात फार महागात पडू शकतो. एमआरआयला वेळ लागतो म्हणून आता कमी डेटा घेऊन उरलेलं चित्र कॉम्प्युटरकडून भरून घ्यायचं काम चाललंय. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि फेसबुकच्या संशोधकांनी 2020 मध्ये मेंदूच्या एमआरआयची अशी स्पर्धा घेतली, पहिली चाळणी एसएसआयएमची, मग निवडक चित्रं रेडिओलॉजिस्टसमोर. त्यांना काही चित्रांत अशा गोष्टी दिसल्या ज्या मूळ स्कॅनमध्ये नव्हत्याच. चित्र हजारो खिडक्यांचं, चूक चार-पाच खिडक्यांत, स्कोअरला ती जाणवणारच किती?

गेल्या वर्षी ठाण्यात आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढला, पाऊण तास ती बिचारी न हलता पडून होती, त्यामुळे स्कॅन लवकर व्हावा असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांनी पूर्ण शीट लाइटबॉक्सला लावली, सगळ्या चौकोनांवरून एकदा नजर फिरवली आणि एकाच चौकोनात पेनाचं टोक टेकवलं, "ही बारीक पांढरी रेघ दिसते का, इथे गादी फाटलीये." बाकीचे सगळे चौकोन चांगल्या गुडघ्यासारखेच होते, आणि ती रेघ मला त्यांनी दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला.