एका कुलपामागे अडलेले चार सीपीयू

फोंड्याजवळच्या आमच्या लॅबमधली फायरवॉल यंदा बदलायची आहे. सकाळी अकराला सगळी मुलं नेटवर आली की मी 'टॉप' लावून बघतो: चारातला एक सीपीयू शंभर टक्क्यांवर, तीन जवळपास रिकामे. मशीनवर २०१६ ची ओपनबीएसडी ६.० ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिच्यात पीएफ हा पॅकेट फिल्टर, म्हणजे नेटवरून येणारं-जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट (पॅकेट) नियमांनुसार सोडणारा किंवा अडवणारा भाग. "सर, चार कोअर आहेत ना, मग नेट का अडतं?" हा प्रश्न दर वर्षी येतो.

२००१ च्या मे महिन्यापर्यंत ओपनबीएसडीत डॅरन रीड यांचा आयपीफिल्टर हा पॅकेट फिल्टर होता. परवान्यातल्या शब्दांवरून वाद झाला, बदललेला कोड वाटायची मुभा नाही असं रीड यांनी स्पष्ट केलं आणि ओपनबीएसडीने तो कोड काढून टाकला. सुरक्षेसाठी नावाजलेली सिस्टीम फिल्टरविना उरली. डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला पीएफ जूनमध्ये कोडमध्ये दाखल झाला, डिसेंबरमध्ये ३.० बरोबर लोकांच्या हाती आला. तेव्हा ओपनबीएसडी एकच सीपीयू वापरत असे. अनेक सीपीयूंची सोय २००४ च्या ३.६ मध्ये झाली. पीएफच्या घडणीत कुलुपांचा, म्हणजे एका वेळी एकाच सीपीयूला आत सोडणाऱ्या कोडमधल्या अडसरांचा, विचार नसणं साहजिकच होतं. त्यासाठी हार्टमायर यांना बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

खरी गाठ नियमांच्या यादीत नाही. नियम नुसते वाचायचे असतात आणि वाचणारे कितीही असले तरी बिघडत नाही. अडतं ते स्टेट टेबलपाशी. एकदा परवानगी मिळालेल्या जोडणीची तिथे नोंद राहते, म्हणून पुढच्या पॅकेटला सगळे नियम पुन्हा तपासावे लागत नाहीत; पीएफचा वेग त्यातूनच येतो. पण प्रत्येक पॅकेट त्या नोंदीत काहीतरी लिहून जातं: किती बाइट गेले, टीसीपीचा क्रमांक कुठवर आला, नोंद कधी मोडीत काढायची. दोन सीपीयूंनी एकाच वेळी लिहिलं तर नोंद बिघडते, म्हणून कुलूप. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला चार फेरीबोटी आणून ठेवल्या आणि गाड्या चढवायला रॅम्प एकच राहिला, तर रांग तेवढीच राहणार.

ओपनबीएसडीच्या नात्यातल्या फ्रीबीएसडी या सिस्टीमने २००४ मध्ये ५.३ बरोबर पीएफ घेतला, तोही एकाच कुलपासह. ते फोडलं ग्लेब स्मिर्नोव्ह यांनी, २०१२ मध्ये. स्टेट टेबलचे हॅशने (जोडणीच्या माहितीवरून काढलेल्या आकड्याने) अनेक कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचं कुलूप दिलं. २०१४ च्या १०.० मध्ये ते सगळ्यांना मिळालं. किंमतही मोजावी लागली. ओपनबीएसडीने ४.७ मध्ये एनएटीच्या (पॅकेटवरचे पत्ते बदलण्याच्या) नियमांची मांडणी बदलली होती, ती फ्रीबीएसडीत आली नव्हती. कुलुपं फोडल्यावर कोड इतका वेगळा झाला की तिकडची सुधारणा सरळ उचलून आणणं अवघड झालं. नेटबीएसडी या तिसऱ्या भावंडाने तर २०१२ च्या ६.० मध्ये एनपीएफ हा वेगळाच फिल्टर आणला, अनेक कोअर गृहीत धरून लिहिलेला.

ओपनबीएसडीची वाट मला जास्त भावते, कारण तिथे फिल्टरच्या आधी त्याच्याभोवतीचं घर आवरावं लागलं. सगळ्या कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, एकच मोठं कुलूप होतं. मार्टिन पियुशो आणि इतरांनी आधी नेटवर्कचं काम त्यातून सोडवत आणलं. ओरॅकलने आपल्या सोलारिस या सिस्टीमच्या ११.३ मध्ये पीएफ घेतला होता. त्या कामातले अलेक्झांडर नेडव्हेडिकी यांनी पीएफची कुलुपं ओपनबीएसडीत बसवायला घेतली. पॅकेट पुढे पाठवण्याचं काम चार धाग्यांवर (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या ओळी) चालायला २०२२ ची ७.२ उजाडली.

नवीन मशीनसाठी आम्ही अनेक रांगांचं नेटवर्क कार्ड मागवलं आहे. असं कार्ड पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं ते ठरवतं, त्यामुळे एका जोडणीची पॅकेटं एकाच रांगेत राहतात आणि त्यांचा क्रम मोडत नाही. मुलांच्या शेकडो जोडण्या त्यामुळे वाटल्या जातील. एकट्या मोठ्या डाउनलोडसाठी मात्र तेव्हाही एकच सीपीयू राबेल.